एमए मराठीसाठी संशोधन पद्धती: ‘काय करायलास?’ पासून लघुप्रबंधापर्यंत

दरवर्षी एमएचे वर्ग सुरू झाले की दोन-तीन आठवड्यांत विद्यार्थी विषय घेऊन येतात. वहीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरात लिहिलेलं असतं, ‘मराठवाडी बोलीचा चिकित्सक अभ्यास’. मी त्यावर काहीच बोलत नाही. विचारतो, “गाव कोणतं?” तो म्हणतो, “पालम.” “घरी गेल्यावर ‘काय करत आहेस’ हे आईला कसं विचारतोस?” “काय करायलीस.” “आणि खोलीवरचा लातूरचा मित्र?” “तो म्हणतो, काय करूलालीस.” “जालन्याकडचा कुणी आहे का?” “आहे की. तो ‘काय करू राहिला’ म्हणतो.” एवढं झालं की मी वही त्याच्याकडे परत सरकवतो आणि म्हणतो, आत्ता जे बोललास ते लिही. तुझा विषय त्यात आहे.

अभ्यासक्रमाच्या नव्या आराखड्यात एमएच्या पहिल्याच सत्रात संशोधन पद्धतीचा 4 श्रेयांकांचा पेपर असतो, आणि तिसऱ्या-चौथ्या सत्रांत संशोधन प्रकल्प. या दोहोंच्या मध्ये एक वर्ष जातं. पहिल्या सत्रात संशोधनाच्या व्याख्या, प्रकार, पायऱ्या पाठ होतात, परीक्षा होते, आणि प्रकल्पाची वेळ येईपर्यंत त्यातलं हाताशी काही उरत नाही. म्हणून माझा आग्रह असतो की पेपर शिकतानाच एक छोटा प्रश्न हातात घ्यावा आणि प्रत्येक संकल्पना त्यावर चालवून बघावी. खालचं सगळं त्याच रीतीने लिहिलं आहे. उदाहरण मुद्दाम एकच ठेवलं आहे, चालू क्रियेची रूपं: करतोय, करायलाय, करूलालाय, करू राहिलाय.

विषयाचा प्रश्न करा

‘मराठवाडी बोली’ म्हणजे आठ जिल्हे. नांदेडकडे देगलूर-बिलोलीला तेलुगूचा शेजार, धाराशिवकडे उमरग्याला आणि लातूरकडे निलंग्याला कन्नडचा, तांड्यांवर बंजाऱ्यांची गोरमाटी, शहरांत दखनी उर्दू. एका विद्यार्थ्याच्या दोन सत्रांत हे मावत नाही. विषय कमी करायचा तर चार ठिकाणी कात्री लावावी लागते: भाषेतली कोणती गोष्ट, कुणाच्या तोंडची, कुठली, आणि कोणत्या प्रसंगातली. चारही कापण्या झाल्या की विषयाचा प्रश्न होतो. आपल्या पालमच्या मुलाचा असा झाला: ‘पालम तालुक्यातल्या एका गावात साठीच्या पुढची माणसं आणि कॉलेजात जाणारी मुलं घरातल्या बोलण्यात चालू क्रियेची कोणती रूपं वापरतात?’

आता गृहीतक, म्हणजे पुराव्यावर तपासून बघायचा अंदाज. याबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ असतो. ‘मराठवाड्याची बोली समृद्ध आहे’ हे वाक्य मी विद्यार्थ्यांच्या शेकडो संशोधन-आराखड्यांत गृहीतक म्हणून वाचलं आहे. ते चुकूच शकत नाही, म्हणून ते गृहीतक नाही. ‘मुलांच्या बोलण्यात “करतोय” हे रूप आजी-आजोबांपेक्षा जास्त येतं’ हे चुकू शकतं. गावात गेल्यावर कळेल की मुलंही तितक्याच वेळा ‘करायलोय’ म्हणतात. तसं निघालं तर संशोधन फसलं असं समजू नका. शाळा, टीव्ही, मोबाइल एवढं सगळं असून घरातलं रूप टिकलं, हा निष्कर्ष उलट जास्त मोलाचा आहे. मात्र गृहीतक खरं ठरावं म्हणून पुरावा वळवू नका. प्रत्येक गृहीतकापुढे एक ओळ लिहून ठेवा: ‘काय सापडलं तर हे खोटं ठरेल?’ ती ओळ लिहिता आली नाही तर गृहीतक बदला.

उद्दिष्ट वेगळं. उद्दिष्ट म्हणजे तुम्ही काय करणार: रूपं नोंदवणार, मोजणार, वयानुसार तुलना करणार. दोन-तीन पुरेत.

आधी कुणी काय केलं ते शोधा

ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड 1905 सालचा आहे. तो उघडून बघा, पण त्यातले नमुने कुणाकडून आणि कसे मिळवले याची नोंद घेऊनच वापरा. अलीकडच्या काळात डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं आहे आणि त्यातलं साहित्य इंटरनेटवर खुलं आहे. आपल्या जिल्ह्यातली माणसं त्यात बोलताना ऐकली की विद्यार्थ्यांचे डोळे चमकतात, हे मी वर्गात पाहिलं आहे. ओव्यांवर काम करायचं असेल तर हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी उभं केलेलं जात्यावरच्या ओव्यांचं भांडार आहे, एक लाखाहून जास्त ओव्यांचं. शब्दांसाठी मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती 1831, दुसरी 1857), दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (1932 ते 1938), आणि जुन्या मराठीसाठी तुळपुळे-फेल्डहाउस यांचा 1999 चा कोश. मराठवाड्याच्या साहित्य-संस्कृतीबद्दलचे जुने लेख हवे असतील तर 1943 साली स्थापन झालेल्या मराठवाडा साहित्य परिषदेच्या ‘प्रतिष्ठान’चे अंक ग्रंथालयात बसून चाळावे लागतात. हे काम मोबाइलवर होत नाही.

प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’ हे पीएचडी प्रबंधांचं ऑनलाइन भांडार. तिथं शोधताना एक अडचण येते. मराठी प्रबंधांची नावं कधी देवनागरीत तर कधी रोमन लिपीत घातलेली असतात, आणि रोमनमधलं स्पेलिंग ज्यानं टाकलं त्याच्या मनासारखं. त्यामुळे एकच शब्द चार-पाच प्रकारे लिहून शोधा. ‘मराठवाडी’, ‘मराठवाड्यातील’, तालुक्याचं नाव, जिल्ह्याचं जुनं आणि नवं नाव, दोन्ही लिप्यांत. बरेच जुने प्रबंध पानांचे फोटो असल्यासारखे असतात किंवा युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टंकलेले असतात. त्यांच्या आतला मजकूर शोधात येत नाही, म्हणून अनुक्रमणिका उघडून बघण्याला पर्याय नाही.

टिपणं काढताना एका कार्डावर एकच मुद्दा. वर लेखक, वर्ष, पान क्रमांक. शब्द जसेच्या तसे घेतले असतील तर अवतरणचिन्हं त्याच क्षणी टाका. तीन महिन्यांनी ते वाक्य आपलं की पुस्तकातलं हे आठवत नाही, आणि बरीचशी वाङ्मयचौर्याची प्रकरणं इथंच सुरू होतात. कार्डं नको असतील तर ‘झोटेरो’ हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. देवनागरी नोंदी त्यात नीट बसतात.

पैठणचा धडा

संशोधन पद्धती परदेशातून आली अशी समजूत घेऊन मुलं येतात. मी त्यांना पैठणला नेतो, निदान बोलण्यातून. संत एकनाथांच्या काळापर्यंत ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पाठभेद, म्हणजे एकाच ओवीची वेगवेगळी रूपं, शिरले होते. नाथांनी प्रती पाहून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि ते काम कधी पूर्ण झालं ते लिहून ठेवलं: शके 1506, तारण संवत्सर. ही नोंद तपासायला फक्त वही आणि पेन लागतं. साठ संवत्सरांचं चक्र असतं. 2004 च्या गुढीपाडव्याला सुरू झालेलं संवत्सर तारण होतं. त्यातून साठाचे सात फेरे, म्हणजे 420 वर्षं, वजा करा: 1584. इसवी सनावरून शक काढायला त्यातून 78 वजा करा: 1506. शक आणि संवत्सर एकमेकांशी जुळतात. एका नोंदीतल्या दोन माहित्या एकमेकींवर घासून बघणं याला अंतर्गत पुरावा तपासणं म्हणतात. वर्गात हे फळ्यावर केलं की ती व्याख्या पुन्हा सांगावी लागत नाही.

नाथांनी आणखी एक गोष्ट बजावली आहे. ज्ञानेश्वरीच्या पाठात जो आपली ओवी घालील त्यानं अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजावं. नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. ही सूचना मी ध्वनिमुद्रण उतरवून घेणाऱ्या प्रत्येकाला देतो. का, ते पुढे येईलच.

तुमचा कल हस्तलिखितांकडे असेल तर आधी लिपी शिका. मोडी आली पाहिजे, महानुभाव पोथ्यांवर काम करायचं तर सकळ लिपीची ओळख हवी. लिपी न शिकता फक्त छापील आवृत्तीवर ‘पाठचिकित्सा’ लिहू नका.

गावात जाण्याची वेळ

सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, कारभार उर्दूत चालायचा, त्यामुळे घरात ते शब्द ऐकत वाढलेल्या साठी-सत्तरीच्या माणसांच्या तोंडी आजही वेगळा शब्दसाठा सापडतो. हे ऐकायला गावात जावं लागतं, आणि गावात जाण्याचंही एक वेळापत्रक असतं. बीड, जालना, परभणीच्या कितीतरी गावांतून आणि तांड्यांवरून दसरा-दिवाळीच्या सुमारास माणसं ऊसतोडीला निघून जातात ती थेट उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. मधल्या काळात गेलात तर म्हातारी माणसं आणि शाळेची लेकरं तेवढी भेटतील आणि तुमचा नमुना एकांगी होईल. चौथ्या सत्राच्या शेवटी प्रकल्प द्यायचा असतो, म्हणून ध्वनिमुद्रण तिसऱ्या सत्रात, दसऱ्याच्या आधी उरका. ऊसतोडीला जाऊन आलेल्यांच्या बोलण्यात पश्चिम महाराष्ट्राची, कर्नाटकाची रूपंही मिसळलेली असू शकतात. ‘वर्षातले किती महिने गावाबाहेर असता?’ हा प्रश्न वय आणि शिक्षणाइतकाच महत्त्वाचा धरा.

निवेदक, म्हणजे ज्यांचं बोलणं टिपायचं ती माणसं, किती घ्यायचे? एमएच्या प्रकल्पाला बारा पुरेत, पण ते नीट निवडलेले हवेत. साठीपुढचे सहा, कॉलेजातले सहा. दोन्हींत तीन बाया, तीन पुरुष. सगळे आपल्याच भावकीतले नकोत, गावाच्या सगळ्या वस्त्यांतले असू द्या. हे केलं नाही तर शीर्षकात गावाचं नाव राहील आणि आत एका वाड्याची भाषा असेल.

आधी संमती घ्या. कशासाठी बोलणं टिपतो आहोत ते साध्या शब्दांत सांगा. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाकडून कागदावर अंगठा घेण्यापेक्षा ध्वनिमुद्रणातच तोंडी संमती घ्यावी, माणसाला दडपण येत नाही. नावं प्रकल्पात येऊ देऊ नका. ‘पा-स्त्री-64’ (पालम, स्त्री, वय 64) असं चिन्ह द्या आणि नावांची यादी वेगळी ठेवा.

मोबाइल चालतो. विमान मोडवर टाका, चांगल्या दर्जाच्या ‘वेव्ह’ फाइलमध्ये मुद्रण होईल असं ॲप घ्या, पंखा बंद करा, मोबाइल घडी केलेल्या टॉवेलवर बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवा. पहिल्या अर्ध्या मिनिटात तुम्ही स्वतः तारीख, गाव आणि निवेदकाचं चिन्ह बोला. फाइल हरवली, नाव बदललं, तरी ओळख आवाजातच राहते.

मी हे इतकं बजावून का सांगतो? एमएला असताना मी आजोळी गंगाखेडकडे जाऊन ओव्या टिपल्या होत्या. दोन वह्या भरल्या. कोणती ओवी कुणी गायली, तिचं वय काय, माहेर कुठलं, यातलं काहीच लिहिलं नाही, कारण मला वाटलं मी विसरणार नाही. आज त्या ओव्या मला कुठंही पुरावा म्हणून ठेवता येत नाहीत. त्यातल्या बहुतेक ओव्या गाणारी माझी मावशी आता नाही.

काय विचारायचं आणि काय विचारायचं नाही

एका विद्यार्थिनीबरोबर मी एका आजींकडे गेलो होतो. अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. मुलीनं प्रश्नावली काढली आणि विचारलं, “आजी, तुम्ही ‘करतोय’ म्हणता का ‘करायलोय’?” आजींनी जरा सावरून बसत उत्तर दिलं, “करतोयच म्हणतो की आम्ही.” मुलीनं ‘करतोय’पुढे खूण केली. दोन मिनिटं गेली नाहीत तोच आतून भांडं पडल्याचा आवाज आला आणि आजी ओरडल्या, “आगं काय करायलीस तिकडं?” मुलीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, हे लिही.

आजी खोटं बोलल्या नव्हत्या. कॉलेजातून माणसं आली, वही उघडली, म्हणून त्यांनी चांगलं समजलं जाणारं रूप सांगितलं. निरीक्षण सुरू झालं की बोलणं बदलतं. अमेरिकी भाषावैज्ञानिक विल्यम लबॉव्ह यांनी न्यूयॉर्कमध्ये यावर एक वाट काढली होती, ते काम 1966 साली प्रसिद्ध झालं. तीन वेगवेगळ्या दर्जांच्या दुकानांत ते गिऱ्हाईक म्हणून गेले आणि ज्याचं उत्तर ‘चौथा मजला’ असंच येईल असा प्रश्न विक्रेत्यांना विचारत राहिले, कारण इंग्रजीत त्या दोन शब्दांत त्यांना हवा तो र-ध्वनी दोनदा येतो. आपल्याकडे हे एसटी स्टँडवर करता येईल. फलाटावर उभ्या माणसाला विचारा, “गाडीचं काय झालं?” उत्तरात ‘यायलीय’, ‘येऊलालीय’, ‘येतीय’ यातलं काहीतरी यायची चांगली शक्यता असते. बाजूला जाऊन रूप, अंदाजे वय, स्त्री की पुरुष एवढंच लिहा. आवाज मात्र न सांगता टिपू नका.

घरातल्या मुलाखतीत मुलं सहसा ‘जुन्या आठवणी सांगा’ म्हणतात. बोलणं मोकळं होतं, हे खरं. पण आठवण भूतकाळातली, आणि आपल्याला चालू क्रिया हवी. तासभर मुद्रण करून हाती पाच-सात रूपं येतात. म्हणून आम्ही एक युक्ती वापरतो: आठवडी बाजाराचं तीन मिनिटांचं चित्रण, आवाज बंद करून. निवेदकाच्या हातात मोबाइल द्यायचा आणि म्हणायचं, “मला चष्म्याशिवाय दिसत नाही, काय चाललंय ते सांगत जा.” चष्मा खरंच काढून ठेवायचा. ‘ही बाई भाजी निवडायलीय, ते लेकरू रडायलंय, त्यो पैशे मोजायलाय’ असं सुरू होतं. सगळ्यांना एकच चित्रण दाखवल्यामुळे बाराजणांची तुलनाही सरळ होते. प्रत्येक प्रश्नासाठी अशी युक्ती वेगळी असते, आणि ती शोधणं हाच संशोधन पद्धतीचा सगळ्यात आनंदाचा भाग आहे.

उतरवणं आणि मोजणं

माझा अनुभव असा की एक तासाचं बोलणं उतरवायला आठ ते दहा तास लागतात. बाराजणांचं प्रत्येकी वीस मिनिटं म्हणजे चार तास, म्हणजे चाळीस तासांचं काम. आधीच हिशेब करा.

उतरवताना नरोटी आठवा. निवेदक म्हणाली, “मव्हं लेकरू साळंला जायलंय.” विद्यार्थ्यानं लिहिलं, “माझं लेकरू शाळेला जातंय.” अर्थ तोच राहिला आणि संशोधनाचा विषय पुसला गेला. तीन ओळींची सवय लावा: पहिल्या ओळीत जसं बोललं तसं, दुसरीत प्रत्येक घटकाचं व्याकरण, तिसरीत प्रमाण मराठी. ‘चार’मधला आणि ‘चाक’मधला च वेगळा आहे, देवनागरी तो फरक दाखवत नाही, ध्वनींवर काम करत असाल तर आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी शिका आणि ‘प्रात’ हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. रूपांवर काम असेल तर देवनागरी पुरते, फक्त कोणत्या खुणा कशासाठी वापरल्या ते सुरुवातीला सांगा.

मोजताना फक्त ‘करायलाय’ किती वेळा आलं हे सांगून भागत नाही. चालू क्रिया सांगण्याची जागा एकूण किती वेळा आली आणि त्यातल्या किती ठिकाणी कोणतं रूप आलं, हे हवं. समजा आजींच्या बोलण्यात अशा 40 जागा आल्या आणि 34 ठिकाणी ‘-आयल’ रूप आलं. नातवाच्या 10 जागांपैकी 8 ठिकाणी आलं. नुसते आकडे बघितले तर 34 आणि 8 यात केवढं अंतर दिसतं. प्रमाण काढलं तर 85 टक्के आणि 80 टक्के. नातू कमी बोलला, एवढंच. आणि 10 जागांवरून काढलेली टक्केवारी किती तोलाची, हेही सांगितलं पाहिजे. टक्क्यांशेजारी कंसात मूळ संख्या लिहायचीच.

लिहिताना

प्रकरणं पाचच्या वर नकोत. पहिल्या प्रकरणात तालुक्याचा भूगोल, नद्या, लोकसंख्या, यात्रा यांची वीस पानं भरण्याची जुनी सवय आहे. ज्या माहितीचा निष्कर्षाशी संबंध लागत नाही ती काढा. पद्धतीचं प्रकरण इतकं स्पष्ट लिहा की दुसरं कुणी तुमचं काम वाचून शेजारच्या तालुक्यात तसंच करू शकेल. मर्यादा मोकळेपणानं लिहा: एकच गाव, बारा निवेदक, घरातलं बोलणं. परीक्षक त्यासाठी गुण कापत नाहीत, आणि कापले तरी लिहा.

संदर्भाची कोणतीही एक पद्धत निवडा, भाषाभ्यासात लेखक आणि वर्ष ही पद्धत सोयीची पडते, आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. कोणती आवृत्ती वापरली ते नोंदवा. वाङ्मयचौर्याबाबत यूजीसीचे 2018 चे नियम आहेत: 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, 10 ते 40 ला दुरुस्त करून पुन्हा सादर करावं लागतं, 40 ते 60 ला वर्षभर सादर करता येत नाही, 60 च्या वर नोंदणीच रद्द. पण मराठीतल्या जुन्या छापील मजकुराची चोरी सॉफ्टवेअरला कित्येकदा सापडतही नाही, म्हणून टक्केवारीच्या भरवशावर राहू नका. कार्डावरची अवतरणचिन्हं प्रामाणिक ठेवा.

पुढे लेख छापायचा असेल तर पैसे भरून दोन दिवसांत ‘स्वीकृती’ देणाऱ्या नियतकालिकांपासून लांब राहा. यूजीसीनं मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी 2025 मध्ये बंद केली, त्यामुळे नियतकालिक पारखण्याची जबाबदारी आता आपल्यावर आहे. मागचे चार अंक वाचा, संपादक कोण आहेत ते बघा, मार्गदर्शकांना विचारा.

तोंडी परीक्षेला जाताना तीन गोष्टी सोबत न्या: एक निवडक ध्वनिफीत मोबाइलवर तयार, मोजणीचा मूळ तक्ता, आणि गृहीतकापुढे लिहिलेली ती ‘काय सापडलं तर हे खोटं ठरेल’ची ओळ.

आणि प्रकल्प सादर झाला की मूळ फाइली दोन ठिकाणी ठेवा, त्यातली एक प्रत विभागात द्या, पण ज्यांनी तशी परवानगी दिली आहे त्यांच्याच फाइलींची. मग एखाद्या रविवारी गावात जा आणि ज्यांचं बोलणं टिपलं त्यांच्या घरच्यांना त्यांची त्यांची फाइल मोबाइलवर टाकून द्या. मागच्या उन्हाळ्यात आम्ही शेंगा फोडणाऱ्या त्या आजींकडे गेलो. नातीनं फाइल लावली. स्वतःचं “आगं काय करायलीस तिकडं?” ऐकून त्या हसल्या आणि म्हणाल्या, “आजून एकदा लाव.”